बायकोची पीएचडी, नवऱ्याची एमआयडीसी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्या घरात एका माणसाला पीएचडी करायची आहे आणि दुसऱ्याला पहाटे कंपनीची बस पकडायची आहे, त्या घरासाठी ही मार्गदर्शिका आहे. पीएचडी करणारी बायको आणि बस पकडणारा नवरा असं इथे धरलं आहे. उलटही असतं. नवरा संशोधक आणि बायको इंजिनिअर अशी घरं छत्रपती संभाजीनगरात आहेत, पण त्यांना मार्गदर्शिका लागत नाही. नवऱ्याला बंगळूरला प्रवेश मिळाला की सगळं नातेवाईकमंडळ एका सुरात सांगतं, "तिला काय, तिकडे कुठेही नोकरी मिळेल." या वाक्यातल्या 'तिला'च्या जागी 'त्याला' घाला आणि ते एकदा सासूबाईंसमोर मोठ्याने म्हणून बघा. जमलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

पायरी पहिली: इंजिनिअर ओळखा

लग्नाच्या बायोडाटात 'बीई' एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे आपण नक्की कुठल्या इंजिनिअरशी लग्न केलं, हे बऱ्याच जणींना बिऱ्हाड हलवायची वेळ येईपर्यंत कळत नाही.

सॉफ्टवेअरवाला असेल तर तुम्ही सुटलात. त्याचं ऑफिस पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं. जिथे लाइट जात नाही आणि रेंज मिळते तिथे तो बसतो, आणि कंपनीचा 'आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या' हा मेल येईपर्यंत बसून राहतो. सरकारी खात्यातला सिव्हिलवाला असेल तर विचार करण्यात अर्थ नाही. त्याची जागा तुमच्या नव्हे, मंत्रालयाच्या हातात. तरी जलसंपदातला असेल तर या शहरात गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचं मुख्यालय आहे, कांचनवाडीला वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापनाची संस्था आहे. पाण्याच्या माणसाला बदलीसाठी हे शहर मागायला सबळ कारण मिळतं. इतकी पाण्याची कार्यालयं असूनही नळाला पाणी काही दिवसांआडच येतं, तो विषय वेगळ्या मार्गदर्शिकेचा.

खरी परीक्षा मेकॅनिकलवाल्याची. त्याचं काम एका प्रेसभोवती, भट्टीभोवती किंवा असेंब्ली लाइनभोवती चालतं आणि ती लाइन हलत नाही. म्हणून तो प्रॉडक्शनला आहे, क्वालिटीला, मेंटेनन्सला की डिझाइनला, ते नीट विचारून घ्या. डिझाइनवाल्याचा जीव पुणे, चेन्नई, बंगळूर अशा ठिकाणीच रमतो. प्रॉडक्शनवाल्याला मोठा प्लांट लागतो. मेंटेनन्सवाला सगळ्यात सोयीचा नवरा, कारण मशीन बिघडत नाही असं गाव अजून वसायचं आहे. आणि टूल रूममध्ये तयार झालेला असेल, म्हणजे चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी हात काळे करून आलेला असेल, तर त्याला जपा. डाय आणि मोल्ड समजणाऱ्या माणसाला परराज्यातही दोन फोनांत काम मिळतं.

ही सगळी चौकशी साखरपुड्याआधी केलेली बरी. पण मार्गदर्शिका वाचणारे नेहमी उशिराच वाचतात.

पायरी दुसरी: नकाशावर रेघ ओढा

विद्यापीठ आणि कारखाने एकमेकांना विचारून जागा ठरवत नाहीत. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं आणि शहराच्या वायव्येला, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी, सोनेरी महालाच्या शेजारी जाऊन बसलं. नामांतराच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. जागा तीच राहिली. कारखान्यांचं तर्कशास्त्र निराळं. मुंबई-पुण्याबाहेर कारखाना काढणाऱ्याला राज्य सरकारने १९६४ पासून सवलती द्यायला सुरुवात केली. कारखान्याला सपाट स्वस्त जमीन, महामार्ग आणि वीज हवी होती. लेणी नको होती. म्हणून आधी रेल्वे स्टेशनची एमआयडीसी, मग चिकलठाणा, मग वाळूज, मग शेंद्रा आणि आता बिडकीन. क्रम लक्षात आला का? प्रत्येक नवी एमआयडीसी विद्यापीठापासून आधीच्या एमआयडीसीपेक्षा लांब आहे. बायकोचा विषय डोंगराशी आणि नवऱ्याची कंपनी क्षितिजाकडे, अशी या शहराची एकंदर रचना आहे.

आता कागदावर नकाशा घ्या, विद्यापीठ आणि कंपनी यांच्यामध्ये पट्टीने रेघ ओढा आणि बरोबर मध्यावर टिंब द्या. दोघांना सारखंच अंतर पडावं ही समतेची भूमिती. नवऱ्याची कंपनी वाळूजला असेल तर टिंब छावणी आणि गोलवाडीच्या दरम्यान कुठेतरी पडतं. तिथे लष्कर राहतं आणि ते भाडेकरू ठेवत नाही. कंपनी शेंद्र्याला असेल तर टिंब चिकलठाणा विमानतळाच्या आसपास पडतं. बिडकीनला असेल तर सातारा डोंगरावर किंवा त्याच्या पलीकडच्या उतारावर. तात्पर्य, समतेचं घर या शहरात लष्कर, विमान किंवा बिबट्या यांच्याशिवाय कोणाला मिळत नाही.

(अपवाद एक. बायको कांचनवाडीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात असेल आणि नवऱ्याला बिडकीनला नोकरी लागली, तर दोघं एकाच पैठण रोडवर येतात. असं जोडपं दिसलं तर मत्सर करू नका, पत्ता विचारा.)

भूमिती फसली की व्यवहार सुरू होतो. व्यवहाराचा नियम सोपा आहे: घर संशोधकाच्या जवळ घ्या. मोठ्या कंपनीची बस टीव्ही सेंटरला येते, सिडकोत येते, क्रांती चौकात, बाबा पेट्रोल पंपाला थांबते. इंजिनिअर बसमध्ये चढतो आणि गेटपर्यंत झोपून जातो. संशोधकासाठी बस पाठवणारं विद्यापीठ या भूमंडळी नाही. तिला रात्री आठला प्रयोगशाळेतून निघून मकाई गेटची कमान ओलांडून रिक्षा शोधायची असते. तरीही शंभरातली नव्वद बिऱ्हाडं नवऱ्याच्या कंपनीजवळ, बजाजनगरला किंवा मुकुंदवाडीच्या पुढे थाटली जातात. नव्वद हा आकडा अंदाजाचा आहे, कल मात्र नजरेने बघितलेला. कारण विचाराल तर "फ्लॅट आधीच बुक केला होता". कोणी केला होता, हे विचारू नका.

पायरी तिसरी: दुसरी नोकरी मोजा

या मार्गदर्शिकेतली कामाची गोष्ट एवढीच आहे, बाकी भरताड म्हणून वाचलं तरी चालेल.

नवशिके पहिली नोकरी बघतात. "तिकडे ह्यांना कुठेतरी लागेल का?" लागते. एक नोकरी बहुतेक कुठेही लागते. पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. बाईमाणसाला आणखी दोन वर्षांची सवलत, शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. इतक्या काळात वाहन उद्योगात एक मंदी येऊन जाते, एक मॉडेल बंद पडतं, एक प्लांट हेड बदलतो आणि नवा प्लांट हेड स्वतःची माणसं घेऊन येतो. इंजिनिअरला त्या गावात दुसरी नोकरी लागणार आहे, हे धरूनच चाला. म्हणून गाव निवडताना पहिल्या कंपनीचं गेट बघू नका. त्या गेटातून बाहेर पडल्यावर चालत जाता येईल असं दुसरं गेट आहे का, ते बघा.

वाळूज या कसोटीला उतरतं. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज प्लांटचं उद्घाटन झालं आणि स्कूटरला लागणारा एकेक भाग बनवणारे लोक आजूबाजूला जमले. एन्ड्युरन्स त्याच वर्षीची. थोड्याच काळाने व्हेरॉक आली. या दोन कंपन्यांचे संस्थापक अनुरंग आणि तरंग जैन हे जुळे भाऊ, राहुल बजाज यांचे भाचे. म्हणजे वाळूजला पहिली नोकरी मामाकडे आणि दुसरी भाच्याकडे, तिसरी दुसऱ्या भाच्याकडे, अशी सोय तीनएक दशकांपासून आहे. शिवाय त्यांना माल पुरवणारे, त्या पुरवणाऱ्यांना माल पुरवणारे, आणि प्रत्येकाकडे ऑडिट आलं की अंगात येणारा एक क्वालिटी मॅनेजर. वाळूजचा इंजिनिअर दहा वर्षांत चार कंपन्या बदलतो आणि त्याचा चहावाला एकच राहतो.

आता पैठण रोडवरचं चितेगाव बघा. व्हिडिओकॉन हा एके काळी या जिल्ह्यात नुसता शब्द उच्चारला तरी स्थळ पक्कं करणारा कारखाना होता. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं तिथे. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चाळिशीतल्या, टीव्हीच्या लाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाला शेजारच्या गेटात जायचं म्हटलं तर शेजारी तेवढ्या तोलाचं गेट नव्हतं. बायकोची पीएचडी त्या वर्षी तिसऱ्या वर्षात असती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा आणि मग गाव निवडा.

इथे एक इशारा. बिडकीनबद्दल सध्या फार उत्साह आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून 'ऑरिक'ची दहा हजार एकरांच्या घरातली जमीन, आखीव रस्ते, जमिनीखालून गेलेल्या तारा. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये वीस हजार कोटींचा सामंजस्य करार केला, जेएसडब्ल्यू आली, एथर आली. चांगलंच आहे. पण सामंजस्य करार आणि ऑफर लेटर यांत फरक करायला शिका. करारावर मंत्र्यांसोबतचा फोटो असतो. ऑफर लेटरवर रुजू व्हायची तारीख असते. बिडकीनचा प्लांट आणि तुमचा प्रबंध यांत आधी काय पूर्ण होईल, यावर घरात पैज लावायला हरकत नाही, पण डिपॉझिट भरू नका.

पायरी चौथी: दुसरा गाईड मोजा

हीच कसोटी उलट बाजूने. गाईड ही व्यक्ती असते असा नवशिक्यांचा समज असतो; ती जागा असते. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडीचे विद्यार्थी मावतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. राज्यातल्या विद्यापीठांत रिकाम्या पदांची परंपरा जुनी आहे. हे सगळं एकत्र केलं की काही विषयांत गाईडची जागा मिळणं हे फ्लॅट मिळण्यापेक्षा अवघड होतं. 'पेट' ही पीएचडीची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन गाईडच्या दारोदार फिरणारे कितीतरी जण तुम्हाला विद्यापीठाच्या कँटीनमध्ये भेटतील. त्यांना चहा तुम्ही पाजा, माहिती फुकट मिळेल.

तर विभागात तुमच्या विषयाचे किती गाईड आहेत ते मोजा. एकच असेल तर तो विभाग म्हणजे चितेगाव. गाईड कितीही थोर असो. तो कुलगुरू होऊ शकतो, परदेशी जाऊ शकतो, तुमच्या पहिल्याच सहामाही अहवालावर रुसू शकतो. विषयाच्या आसपास दोन-तीन गाईड असलेला मध्यम विभाग हा एका सूर्याच्या विभागापेक्षा बरा, असं माझं मत आहे, आणि सूर्याखाली होरपळलेले लोक मला दुजोरा देतील.

पैशांचं थोडक्यात. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ झाली की ४२,०००. वाळूजच्या कित्येक लहान व्हेंडरांकडे नव्या इंजिनिअरला एवढा पगार नसतो, हे जेवणाच्या टेबलावर एकदाच, शांतपणे सांगावं. पुन्हा सांगू नये, कारण पगार एक तारखेच्या आसपास येतो आणि फेलोशिप येते तेव्हा येते. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांची फेलोशिप घेणाऱ्या मुलांना तर संशोधनाइतकाच उपोषणाचाही अनुभव मिळतो. तोवर घर इंजिनिअरच्या पगारावर चालतं, म्हणून तिसरी पायरी विसरू नका.

पायरी पाचवी: गावं तपासा

नाशिक. इंजिनिअरचा स्वर्ग: सातपूर, अंबड, ओझरचं एचएएल. बायकोसाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. तिचा विषय आरोग्याच्या किंवा मुक्ततेच्या कक्षेत बसत असेल तर उत्तम.

पुणे. इथे सगळं आहे: गणेशखिंडीत विद्यापीठ, पाषाणला एनसीएल आणि आयसर, चाकण-तळेगावला कारखान्यांची रांग. दुसरी नोकरी, दुसरा गाईड, तिसरा, चौथा. म्हणून संभाजीनगरच्या बायोडाटांत 'पुण्याला सेटल' हे शब्द ठळक छापतात. अडचण एवढीच की पाषाण आणि चाकण हे एकाच शहरात आहेत हा महसूल खात्याचाही दावा नाही. तीस-पस्तीस किलोमीटरच्या त्या वाटेवर जो वेळ जातो तेवढ्यात एक प्रकरण लिहून होतं. आणखी एक. पिंपरी-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. प्रयोगशाळेची रविवारी. एकमेकांना भेटायचं असेल तर दिवाळीची वाट बघा. मुंबईबद्दल लिहीत नाही. मुंबईत घर परवडणाऱ्यांना मार्गदर्शिका परवडते, ती त्यांनी विकत घ्यावी.

परभणी. कृषीची पदवी घेतलेल्या मुलींसाठी हे पान महत्त्वाचं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीला आहे. राहुरी, अकोला, दापोली ही बाकीची तीन. कृषी विद्यापीठाला शेकडो एकर काळी माती लागते आणि जिथे तेवढी माती मोकळी असते तिथे असेंब्ली लाइन नसते. निसर्गाचा नियम आहे. परभणीत मेकॅनिकल इंजिनिअरपुढे पर्याय दोन: बँकेची परीक्षा किंवा ट्रॅक्टरची एजन्सी. ट्रॅक्टरच्या एजन्सीत तो बायकोपेक्षा जास्त कमावू लागला की पीएचडी संपल्यावर परभणी सोडायला तयार होत नाही, हाही धोका लक्षात ठेवा.

पण याच विषयात देशातला एक चमत्कार आहे, आणि तो आमच्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. उत्तराखंडातलं पंतनगर. देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० मध्ये तिथे निघालं. पुढे राज्य सरकारने त्याच्याच लगत औद्योगिक वसाहत उभी केली, आणि २००७ च्या सुमारास तिथे कोण आलं? टाटा मोटर्स आली आणि बजाज ऑटो आली. म्हणजे वाळूजच्या बजाजमधल्या इंजिनिअरने अंतर्गत बदली मागितली आणि बायकोने तिथे कृषीच्या पीएचडीला अर्ज केला, तर कंपनी न सोडता, नोटीस पिरियड न भरता, दोघं एकाच गावी पोहोचू शकतात. बदली मिळेलच असं नाही. पण मागायला काय जातं? मागणारा नवरा मात्र हवा. वाळूजमध्ये पंतनगरची बदली ही आजवर शिक्षा समजली गेली आहे. बायकोच्या प्रवेशासाठी कोणी ती आपणहून मागितली तर एचआर विभाग त्याला आधी डॉक्टरकडे पाठवेल.

कोल्हापूर. नकाशावरची रेघ सगळ्यात छोटी इथे येते. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याच्या एका अंगाला शिरोलीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगाव, दोन्ही हाकेच्या नाही तरी मोटारसायकलीच्या अंतरावर. फाउंड्र्या, मशीन शॉप, एकाला लागून एक. दुसरी नोकरी गल्ली ओलांडली की मिळते. पगार पुण्याहून कमी, हे खरं. मालक स्वतः शॉपफ्लोअरवर उभा असतो आणि इंजिनिअरच्या आधी त्याला बिघाड कळतो, हेही खरं. कोल्हापूरला गेलेला मराठवाड्याचा माणूस पहिले सहा महिने तांबड्या रश्शाला नावं ठेवतो आणि सातव्या महिन्यापासून नळाला रोज पाणी येतं हे गावाकडे फोन करून सांगत सुटतो.

पायरी सहावी: घरी सांगा

ही पायरी प्रवेश पक्का झाल्यावरच करावी. "इथलं विद्यापीठ काय वाईट आहे?" हा प्रश्न येईल आणि त्याला प्रामाणिक उत्तर 'काहीच नाही' हे आहे, म्हणून तयारी करून जा. सासरे पुरोगामी आहेत यावर विसंबू नका. १९२८ मध्ये इरावती कर्वे संशोधनासाठी बर्लिनला निघाल्या तेव्हा सासऱ्यांचा विरोध होता. आणि सासरे कोण, तर स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेले महर्षी धोंडो केशव कर्वे. नवरा दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले. ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत राहिले आणि इरावतीबाई गेल्या. एकाने पाठिंबा दिला तर पुरतं. तो एक कोण असावा, याबद्दल मात्र तडजोड करू नका.

पायरी सातवी: परदेश

परदेशात गाव शेवटी बघायचं, आधी नवऱ्याच्या व्हिसावरचं अक्षर बघायचं. अमेरिकेत बायको एफ-१ वर गेली की नवरा एफ-२. एफ-२ ला नोकरी करता येत नाही. मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरला प्रवेश मिळाला म्हणून आनंदू नका; मोटारींची पंढरी डेट्रॉइट तिथून तासाभरावर आहे, आणि दहा वर्षं बजाजमध्ये काढलेला तुमचा माणूस खिडकीत बसून पंढरीची वाट बघणार, आत जायला मज्जाव. जे-१ वर गेलात तर जे-२ नवऱ्याला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, म्हणून विद्यापीठाला पत्र लिहिताना हे अक्षर विचारा. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून जोडीदार सोबत नेण्याची मुभा संशोधनाच्या अभ्यासक्रमांपुरती ठेवली. पीएचडीवाल्या त्यात बसतात. कॅनडाने जानेवारी २०२५ मध्ये जोडीदाराचा कामाचा परवाना आवळला, पण पीएचडीवाल्यांचा ठेवला. जर्मनीत कुटुंब म्हणून गेलेल्या जोडीदाराला कामाची मुभा असते आणि स्टुटगार्टला बॉश, मर्सिडीज, पोर्शे एकाच शहरात आहेत, म्हणजे दुसऱ्या नोकरीची चिंता नाही. फक्त तिथल्या शॉपफ्लोअरला जर्मन येतं, मराठी येत नाही. आजपासून क्लास लावा, तुम्ही नव्हे, त्याने.

नियम बदलत राहतात, अडचण जुनीच आहे. १८८० च्या आसपास पोस्टातल्या एका मराठी कारकुनाने अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं: बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, आणि मला तिथे एखादी नोकरी मिळेल का? गोपाळराव जोशी यांचं हे पत्र आपल्या विषयावरचं पहिलं मराठी चौकशीपत्र मानायला हरकत नाही. तोवर त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अलिबाग, कोल्हापूर अशा बदल्या पालथ्या घातल्या होत्या. वाइल्डरांच्या उत्तराचा रोख असा, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. नोकरी मिळाली नाही. पण वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला, आणि एप्रिल १८८३ मध्ये गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवायच बोटीत बसल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली तोवर गोपाळराव तिथे पोहोचले होते, एफ-२ या अक्षराचा शोध लागण्याच्या फार आधी. म्हणून म्हणतो, चौकशीचं पत्र लिहायला लाजू नका. ज्याला लिहिलं तो उपयोगी पडत नाही, ते भलत्याच्याच हाती पडून काम होतं.

पायरी आठवी: तारखा जुळवा

इंजिनिअरचा नोटीस पिरियड दोन किंवा तीन महिने. 'पेट'ची जाहिरात, परीक्षा, निकाल, मुलाखत आणि नोंदणी यांच्यामध्ये किती महिने जातील हे विद्यापीठालाही तारीख उलटल्यावर कळतं. म्हणून राजीनामा तिच्या मुलाखतीनंतर नव्हे, नोंदणीचं पत्र हातात आल्यावर द्यावा. मधले तीन महिने ती नव्या गावी एकटी राहील, तो वीकेंडला ट्रॅव्हल्सने येईल, आणि मुलगा किंवा मुलगी असेल तर आजीकडे. हा काळ सगळ्यांना कठीण वाटतो, आजीला सगळ्यात कमी.

आता नव्या गावी त्याची मुलाखत. एचआर हमखास विचारणार, "एवढी मोठी कंपनी सोडून इकडे का येताय?" खरं कारण सांगू नये, 'करिअर ग्रोथ' म्हणावं, असा जुन्या जाणत्यांचा सल्ला आहे. माझा सल्ला उलट. खरं सांगा. एचआरला एकच धास्ती असते, माणूस वर्षात पळून जाईल याची. 'बायको पीएचडी करतेय, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त आठ' हे ऐकल्यावर इतका खात्रीचा माणूस त्याला दुसरा दिसणार नाही. फक्त क्रम चुकवू नका. आधी पगाराचा आकडा कागदावर घ्या, मग बायकोचा विषय काढा. जो गाव सोडून जाऊ शकत नाही त्याला किती इन्क्रिमेंट पुरते, याचं संशोधन एचआरवाल्यांनी गाईडशिवायच पूर्ण केलेलं असतं.